फुफ्फुसातले मुक्कामी

बाबांच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात एक मुलगी आली. पांढरा कोट, हातात क्लिपबोर्ड, वयाने माझ्याहून बरीच लहान. भूल देणाऱ्या डॉक्टरांची एखादी सही राहिली असेल म्हणून मी उठले. ती बाबांच्या उशाशी जाऊन उभी राहिली.

"काका, उद्या तुमच्या उजव्या फुफ्फुसाचा वरचा खंड काढतील. तपासणीला लागेल तो भाग पॅथॉलॉजीत जाईल. उरलेल्यातला, गाठीपासून लांबचा, सुपारीएवढा तुकडा आम्हाला संशोधनासाठी द्याल का?"

"नाही दिला तर?"

"काहीच नाही. उपचारात काडीचा फरक पडणार नाही. उरलेला भाग एरवी जाळूनच टाकतात."

"मग घ्या की. जाळण्यापेक्षा बरं." सही करता करता त्यांनी विचारलं, "पण शोधताय काय त्यात?"

ती जरा थांबली. "फुफ्फुसात मुक्कामाला असतात ना, त्या पेशी. एनके पेशी म्हणतात त्यांना."

बाबांनी मान हलवली आणि चहा मागितला. त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या हातात फॉर्मची मराठी प्रत राहिली. तिच्यावर लिहिलं होतं, 'ऊती-निवासी नैसर्गिक मारक पेशी'. चार शब्द, चारही मराठी, आणि एकाचाही अर्थ मला लागेना. मारक कुणाला? या नैसर्गिक, तर बाकीच्या कशा? आणि निवासी म्हणजे नेमकं कुठे राहतात, बाबांच्या छातीत?

मी बोईसरची. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये केमिस्ट आहे. पालघरच्या दांडेकर कॉलेजातून केमिस्ट्री केली, जीवशास्त्र बारावीला सुटलं ते सुटलंच. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात आणि लसीने अँटिबॉडी तयार होतात, एवढ्यावर माझं ज्ञान संपत होतं. बाबा याच एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत तीस वर्षं ऑपरेटर होते. बिडी त्याहून जुनी. खोकला हटेना तेव्हा पालघरला एक्स-रे काढला, डाग दिसला. आमच्याकडे डाग म्हटलं की सगळ्यांच्या तोंडी आधी टीबी येतो. थुंकी तपासली, टीबी नव्हता. मग सीटी, मग बायॉप्सी, मग पहाटेची डहाणू लोकल, विरारला गाडी बदलायची आणि मुंबईचं रुग्णालय. गाठ लवकर सापडली, खंड काढून भागेल, असं सर्जन म्हणाले. उजव्या फुफ्फुसाला तीन खंड असतात आणि डाव्याला दोन, हेही मला तेव्हाच कळलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आयसीयूबाहेरच्या बाकावर मी बाबांच्या रक्ताचे रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होते. लिम्फोसाइट्स, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, नॉर्मल, सगळं कंसातल्या मर्यादेत. मला हायसं वाटलं. या एनके पेशी लिम्फोसाइट्समध्येच मोडतात एवढं मी मोबाइलवर वाचलं होतं, तेव्हा रक्त ठीक म्हणजे फुफ्फुसातही ठीकच. मग एका खासगी लॅबच्या यादीत रक्तातल्या एनके पेशी मोजायची टेस्ट दिसली. घरी गेल्यावर बाबांची ती करायची, पैसे लागले तर लागू देत, असं मी ठरवूनही टाकलं.

डिस्चार्जच्या दिवशी ती मुलगी जिन्यात भेटली, तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "ताई, करू नका. रक्तात सापडतात त्या फिरत्या. मी शोधते त्या रक्तात उतरतच नाहीत. काकांच्या दंडातून कितीही रक्त काढलंत तरी फुफ्फुसातल्या मुक्कामींचं त्यात काही कळायचं नाही."

हे माझ्या डोक्यात शिरेना. मी सँपलिंगवर जगणारी बाई आहे. ड्रममधून एक चमचा पावडर काढायची आणि अख्ख्या बॅचबद्दल सही करायची, हा माझा रोजचा धंदा. रक्त तर सगळीकडे फिरतं, फुफ्फुसातून तर सगळंच्या सगळं जातं. मग त्याच्या नमुन्यात फुफ्फुस का उतरू नये?

तिने मला दोन शोधनिबंधांची नावं लिहून दिली. बाबांचे टाके सुकेपर्यंत मी सुट्टीवर होते. बोईसरातल्या एका दुकानातून प्रिंट काढून आणल्या आणि रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचायला बसले. पहिल्या पानावर मला क्रियापदांखेरीज काही कळलं नाही. सीडी५६, सीडी१६, सीडी६९, सीडी४९ए, सीडी१०३. त्यात कुठे 'ब्राइट', कुठे 'डिम'. पालघरला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी माझी एक वर्गमैत्रीण आहे, तिच्याकडे रविवारी कागद घेऊन गेले. ती म्हणाली, "अगं, ते फक्त नंबर आहेत. पेशीच्या अंगावर वेगवेगळी प्रथिनं असतात, ती जशी ओळखली गेली तसे नंबर पडत गेले. नंबरात अर्थ शोधू नकोस." ब्राइट आणि डिमचा उलगडाही तिनेच केला. त्या प्रथिनाला चिकटणारा चमकता रंग घालायचा आणि लेझरखालून एकेक पेशी सोडायची. प्रथिन जास्त असेल तर पेशी लखलखीत दिसते, कमी असेल तर मंद. म्हणजे आमच्या रसायनांना कॅस नंबर असतात तसंच हे. मी घाबरत होते ते निव्वळ स्टॉक रजिस्टर होतं.

मग मी मागे गेले, या पेशी सापडल्या कशा तिथपर्यंत. आणि तिथे मला पहिल्यांदा जमीन लागली, कारण ती गोष्ट माझ्या कामाची होती.

आमच्याकडे एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, सँपल लावायच्या आधी ब्लँक लावतात. ब्लँक म्हणजे नुसतं द्रावक, त्यात औषध नाही. आलेखावर सपाट रेघ यायला हवी. गेल्या पावसाळ्यात एकदा ब्लँकलाच पीक, म्हणजे रेघेवर उंचवटा, आला, चौथ्या मिनिटाला, सुबक. काही नसलेल्या ठिकाणी काहीतरी होतं. मी मोबाइल फेज नव्याने केला, वायल बदलल्या, नीडल धुतली, कॉलम धुतला. सेकंड शिफ्टची बस निघून गेली. शेवटी दोष वायलच्या झाकणातल्या सेप्टममध्ये निघाला. आमच्या शिस्तीत ब्लँकमधला पीक म्हणजे घाण. तो शोधायचा आणि घालवायचा.

एनके पेशी म्हणजे ब्लँकमध्ये आलेला पीक होत्या. १९७५ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ कीसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल हे उंदरांच्या ल्युकेमियाच्या पेशींवर काम करत होते. त्या काळची समजूत अशी, की ज्या उंदराला त्या पेशींची आधी ओळख करून दिली आहे त्याच्याच लिम्फोसाइट्स त्यांना मारतील. ओळख नसलेला उंदीर तुलनेपुरता, म्हणजे ब्लँक. आणि त्या कोऱ्या उंदराच्या प्लीहेतल्या पेशीही कर्करोगाच्या पेशी मारत होत्या. अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटाला त्याच सुमारास तेच दिसलं. असले आकडे प्रयोगातला गोंगाट म्हणून वजा करून टाकायची रीत होती. यांनी ते वजा केले नाहीत. आधी शिकवणी न देता मारतात म्हणून नाव पडलं नॅचरल किलर. फॉर्मवरच्या 'नैसर्गिक' शब्दाचा अर्थ मला रात्री साडेअकराला असा मिळाला आणि मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मी असते तर कॉलम धुतला असता.

पुढचा प्रश्न होता, आधी ओळख नसताना मारायचं कुणाला हे त्यांना कळतं कसं? त्याचं उत्तर क्लास कारे यांनी सुचवलं. १९८६ साली 'नेचर'मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा तो प्रयोग छापून आला. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या अंगावर एमएचसी नावाची स्वतःची खूण असते. कंपनीच्या गेटवर वॉचमन आपलं आयकार्ड बघतो तशी एनके पेशी ती खूण चाचपून बघते. खूण दिसली की तिच्या अंगावरचे आवर घालणारे रिसेप्टर तिला थांबवतात. काही विषाणू आणि काही कर्करोगाच्या पेशी पकडलं जाऊ नये म्हणून ही खूण लपवतात. आधी ओळख लागणाऱ्या टी पेशींच्या नजरेतून त्या तशा सुटतातही, पण कार्ड नाही म्हणून एनके पेशीच्या हाती लागतात. म्हणजे परकं काही दिसलं म्हणून नव्हे, आपलं दिसायला हवं ते दिसलं नाही म्हणून ती मारते. वाचायला सोपं आहे. पण प्रत्यक्षात आवर घालणारे आणि चिथावणारे असे दोन्ही बाजूंचे रिसेप्टर पुष्कळ आहेत आणि त्यांची वजाबाकी होऊन निर्णय ठरतो. त्या याद्यांत मी दोन रात्री हरवले आणि शेवटी सोडून दिल्या. मला त्यांच्यापेक्षा 'निवासी' हा शब्द हवा होता.

त्यासाठी हातातले दोन निबंध. दोन्ही पुन्हा कॅरोलिन्स्काचेच, २०१७ आणि २०१९ सालचे, निकोल मार्क्वार्ट या पहिल्या लेखिका. सहलेखकांत हान्स-गुस्ताफ ल्युंगग्रेन हे नाव दिसलं आणि मी थांबले. १९८६च्या प्रयोगातही ते होते. एक माणूस तेहतीस वर्षं एकाच पेशीच्या मागे, याने मला का कोण जाणे धीर आला.

त्यांनी फुफ्फुसाचे तुकडे आणले होते ते बाबांसारख्यांकडूनच: कर्करोगाच्या संशयावरून खंड काढलेली माणसं, गाठीपासून लांबचा निरोगी भाग. तिथे त्यांना दिसलं ते मी धरून बसलेल्या समजुतीच्या उलट होतं. मला वाटलं होतं, फुफ्फुसात सापडल्या म्हणजे फुफ्फुसातल्याच. तसं नाही. रक्तात लिम्फोसाइट्सपैकी ५ ते १५ टक्के एनके असतात आणि फुफ्फुसातही त्या बऱ्यापैकी भरतात, पण त्यांतल्या बहुसंख्य पाहुण्या निघाल्या. त्या रक्तासारख्याच, सीडी५६ने मंद चमकणाऱ्या, आणि चिथावलं तरी फारशा न चवताळणाऱ्या. खऱ्या मुक्कामी थोड्या. त्या सीडी५६ने लखलखीत, आणि अंगावर सीडी६९, सीडी४९ए, सीडी१०३. इन्फ्लुएंझाच्या विषाणूवर प्रयोग झाले तेव्हा या मुक्कामींनी जोरात प्रतिसाद दिला.

या तीन खुणांनी मला सर्वांत जास्त छळलं. सीडी६९ म्हणजे मुक्कामी, असं एका ठिकाणी. सीडी६९ म्हणजे नुकतीच चेतवलेली पेशी, असं दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही खरं कसं असेल? माझ्या मैत्रिणीलाही सांगता येईना. फॉलोअपला मुंबईला गेले तेव्हा त्या मुलीला धरलं. बाबा ओपीडीच्या रांगेत नंबर लावून बसले होते, तिने मला वीस मिनिटं दिली.

"रक्तात एस१पी नावाचं एक द्रव्य भरपूर असतं, ऊतीत कमी. पेशीकडे ते हुंगणारा रिसेप्टर असतो, त्या वासावर ती ऊतीतून वाट काढत परत रक्ताकडे निघते. सीडी६९ त्या रिसेप्टरला आत ओढून घेतो. वास बंद, वाट बंद. चेतवलेली पेशी तात्पुरती थांबते, मुक्कामी कायमची, पण कुलूप एकच. म्हणून एकट्या सीडी६९वर आम्ही विसंबत नाही. बाकीचे दोन बघतो. सीडी१०३ श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशींना धरतो. सीडी४९ए कोलॅजनला."

कोलॅजन म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. "तुम्ही तुकड्यातून पेशी सुट्या कशा करता?"

"बारीक चिरून कोलॅजिनेज घालतो, सदतीस डिग्रीला. मग गाळतो."

कोलॅजिनेज म्हणजे कोलॅजन विरघळवणारं एन्झाइम. ज्या भिंतीला ती पेशी धरून बसली आहे ती भिंतच विरघळवल्याशिवाय ती सुटत नाही. मग माझ्या चमचाभर रक्तात ती कुठून येणार? सँपलिंगचं माझं कोडं तिथे सुटलं. ड्रममधली पावडर एकजीव असते म्हणून चमचा पुरतो. शरीर एकजीव नसतं. त्यातली एक वस्ती रक्ताच्या नमुन्यात कधी येतच नाही.

तिने स्क्रीनवर एका नमुन्याचा आलेख दाखवला. कुणाचा ते नाही, नाव काढून फक्त नंबर, आणि वैयक्तिक निकाल मिळणार नाही हे फॉर्मवरच लिहिलं होतं. आडवी रेघ सीडी४९एची, उभी सीडी१०३ची, आणि मधे ठिपके. प्रत्येक ठिपका एक पेशी. खाली डावीकडे ठिपक्यांचा दाट ढग, मुंग्यांचं वारूळ फुटावं तसा. वर उजव्या कोपऱ्यात, दोन्ही खुणा असलेल्या, विरळ, बोटं फिरवत मोजाव्यात अशा. तिने कोपऱ्याभोवती माऊसने चौकट ओढली. "या माझ्या."

मी विचारलं, त्या खरंच तिथेच राहतात हे कशावरून? अंगावर पकड आहे म्हणून माणूस घरचा ठरत नाही. ती हसली नाही, प्रश्न बरोबर आहे म्हणाली. उंदरांत दोन जिवांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडून बघतात. फिरत्या पेशी दोघांत सरमिसळ होतात, मुक्कामी आपापल्या अवयवात राहतात. माणसात तसं करता येत नाही, पण अवयवरोपण होतं. यकृताच्या एका अभ्यासाबद्दल तिने सांगितलं, २०१६ सालचा. दुसऱ्याचं यकृत बसवलेल्या माणसांत, तेरा वर्षांनंतरसुद्धा, दात्याच्या एनके पेशी त्या यकृतात सापडल्या. देणारा माणूस गेलेला असू शकतो, रक्त कधीच घेणाऱ्याचं झालेलं, आणि त्या आपल्या जागी. मी हे ओपीडीत बाबांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेरा वर्षं म्हणजे खूप झाली, बाय."

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. बाबांना सीओपीडीची, म्हणजे श्वास कोंडणाऱ्या जुनाट आजाराची, सुरुवात आहे. २०१४ साली एक अभ्यास छापून आला, त्यात सीओपीडी झालेल्यांच्या फुफ्फुसातून काढलेल्या एनके पेशी त्याच माणसाच्या फुफ्फुसाच्या अस्तराच्या पेशी मारताना दिसल्या. राखणदार आपल्याच घराची भिंत पाडायला लागतो, आणि धूर त्याला तिथवर नेण्यात सामील असतो. इतक्या वर्षांच्या बिड्या मागे घेता येत नाहीत. हे वाचल्यावर मी एनके पेशींना सैनिक, रक्षक म्हणायचं सोडून दिलं. किती पेशी आहेत एवढ्यावर काही ठरत नाही, त्या कुठल्या हवेत, कशा वागतात त्यावर ठरतं.

आणि इथे मी अजून अडकले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात हवा, पाणी, जमीन मिळून तारापूर ९३.६९ गुणांनी देशातल्या औद्योगिक क्षेत्रांत सर्वांत वर होतं. बाबांची गाठ कशामुळे झाली हे मी त्यावरून म्हणणार नाही. सर्जनने बिडीकडे बोट दाखवलं आणि मला ते पटतं. माझा प्रश्न वेगळा आहे. मी वाचलेलं जवळजवळ सगळं स्वीडनच्या फुफ्फुसांवरून कळलं आहे. तिथली हवा वेगळी आणि टीबीशी गाठ पडणंही वेगळं. बोईसरजवळच्या सालवडच्या खोल्यांत राहून तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात, पाड्यावर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या फुफ्फुसात त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात किती ठिपके आहेत आणि ते कसे वागतात, हे स्टॉकहोमच्या तुकड्यावरून सांगता येणार नाही. रक्तावरूनही नाही. इथल्याच माणसांनी, ऑपरेशनची वेळ आली तर, तुकडा दिला पाहिजे आणि कुणीतरी आदल्या संध्याकाळी त्यांच्या उशाशी जाऊन, त्यांच्या भाषेत, मागितला पाहिजे. त्या मुलीने बाबांशी बोलताना 'मुक्कामाला' हा शब्द वापरला नसता तर फॉर्मवरच्या चार शब्दांत मी तशीच अडकून राहिले असते.

मी कामावर परत रुजू झाले आहे. संध्याकाळी घरी येते तेव्हा बाबा ओट्यावर बसून तीन गोळ्यांचं यंत्र ओढत असतात. प्लॅस्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक गोळी, तोंडाने हवा आत खेचायची की गोळ्या वर चढतात. ऑपरेशननंतर पहिली गोळीसुद्धा जागची हलत नव्हती.

"बाय, त्या पोरीला माझा तुकडा पुरला का गं?"

"पुरला असेल. तुमचा कुठला ते कळत नाही, नंबर असतो फक्त."

"नंबर का असेना. सापडल्या का तिला?"

"कोपऱ्यात होत्या थोड्या. कुणाच्या ते ठाऊक नाही."

त्यांनी नळी धोतराच्या सोग्याला पुसली आणि ओढली. पहिली वर गेली, दुसरी वर टेकली, तिसरी जागची हलली आणि परत बसली. त्यांनी श्वास सोडला, नळी पुन्हा पुसली आणि तोंडात धरली.